घाटातली पिकअप आणि बाईंचं घड्याळ

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं मागे असायचं आणि त्याची कोणाला फिकीर नव्हती, कारण खरं घड्याळ आईच्या गळ्यात होतं. काळ्या नाडीत ओवलेलं, तळहाताएवढं, जाडजूड स्टॉपवॉच. आई मिशनच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि शाळेतून घरी आली तरी ते घड्याळ गळ्यातून निघायचं नाही. अंडी त्याच्यावर उकडली जायची, भात त्याच्यावर शिजायचा, आणि हापशावरून दोन कळश्या आणायला मला किती वेळ लागला हेही तिला त्याच्यावर कळायचं. शेंगुळे करताना हुलग्याचं पीठ वळता वळता ती मला म्हणायची, "दानियल, काल तू अर्धं मिनिट लवकर आलास. आज कुठे रेंगाळलास?" रेंगाळलो होतो हे खरंच असायचं. त्यामुळे आमच्या घरात खोटं बोलायची सोयच नव्हती, आणि पप्पा म्हणायचे तसं, गप्प बसायची मात्र भरपूर होती. ते स्वतः गप्पच असायचे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते डिझेल पंपाचे फिटर. घरी आले की ओट्यावर बसून कोणाच्या तरी ट्रॅक्टरचे नोजल उघडायचे, आणि संध्याकाळभर त्यांच्या पान्याची टिकटिक आणि आईच्या घड्याळाची टिकटिक अशी आमच्या घराची जुगलबंदी चालायची.

आमचं गाव घोडेगावपासून फार लांब नव्हतं. चैत्रातल्या यात्रेला आमच्याच गावात बैलगाड्यांचा घाट भरायचा. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. मुरूम टाकून दाबलेली, थोड्या चढाची सरळ पट्टी. खाली बाभळीपाशी सुरुवात आणि वर पाराच्या दगडापाशी शेवट. एकेक बारी, म्हणजे एका गाडीची फेरी, एकटीच सोडायची, आणि जी कमी सेकंदांत वर येईल ती पहिली. गावात तेव्हा दोन तट होते आणि दोन्ही तटांकडे बैल होते. ज्याच्या दारात बैल नाही, ज्याचा कुठल्या तटाशी संबंध नाही आणि ज्याच्याकडे सेकंदाचं घड्याळ आहे असं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे आमची आई. म्हणून दर यात्रेला पाराच्या दगडापाशी, फेटेवाल्यांच्या गर्दीत, डोक्यावर पदर आणि गळ्यात घड्याळ घेतलेली साळवेबाई उभी असायची. देव त्यांचा, बैल त्यांचे, गुलाल त्यांचा, पण वेळ बाईंची. बाईंनी सांगितलेल्या सेकंदावर कोणी कधी चकार शब्द काढला नाही. लहानपणी मला याचा केवढा अभिमान वाटायचा! पुढे तो चांगलाच महागात पडला.

बारावीला मी एकदा आपटलो आणि दुसऱ्यांदा बसायला ठाम नकार दिला. पप्पांनी काही न बोलता घोडेगावच्या बाजारातून एक जुनी डिझेल पिकअप आणली. आधीचा मालक तिच्यातून शेळ्या-बोकड वाहायचा. तिच्या फळ्या मी सोडा लावून तीन वेळा धुतल्या, तरी पहिल्या पावसापर्यंत तिला बोकडाचा वास येत होता आणि मी चर्चमध्ये शेजारी बसलो की लोक सरकून बसायचे. त्याच पिकअपवर मी दूध वाहायला लागलो. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून कॅन गोळा करायचे आणि शीतकरण केंद्रावर पोचवायचे. निम्म्या वाड्या माझ्याकडे, निम्म्या संपतकडे. संपत माझ्याच वर्गातला, दुसऱ्या आळीतला, माझ्याआधी वर्षभर पिकअप घेतलेला. मला ते काम मनापासून आवडायचं. पहाटेचा वारा, कॅनच्या झाकणांचा खडखडाट, आणि प्रत्येक वस्तीवर कोणी ना कोणी हातात ठेवलेला चहा. आपण कोणाला तरी लागतो, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे कळलं.

आणि मग एके दिवशी डेअरीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, त्यांनी सांगितलं की दोन गाड्यांचा खर्च संस्थेला झेपत नाही, यात्रेनंतर सगळ्या रूटला एकच गाडी. संचालकांची बैठक बसली. निम्मे संपतच्या बाजूने, निम्मे माझ्या. दोन बैठका चहा-चिवड्यात गेल्या. तिसऱ्या बैठकीत तात्या वैतागले. तात्यांना आयुष्यात दोनच गोष्टी कळत होत्या, दूध आणि घाट. त्यांनी गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "हे बघा, भांडत बसू नका. यात्रेला दोन्ही गाड्या घाटात सोडू. जी कमी सेकंदात वर येईल तिचा रूट. बाईंचं घड्याळ हायेच." सगळे हसले, आणि हसता हसता सगळ्यांना ते पटलं. आज सांगितलं तर खोटं वाटेल, पण आमच्याकडे असे निर्णय असेच व्हायचे, आणि बरेचसे टिकायचेही.

माझ्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. रूट गेला की पिकअप विकायची आणि सुप्याला मामाच्या ओळखीने कंपनीत लागायचं. मामाने खोलीही बघून ठेवली होती. सुप्याच्या कंपनीत वाईट काही नव्हतं, माझे किती मित्र तिथे सुखाने नोकरी करून निवृत्त झाले. पण मला गाव सोडायचं नव्हतं आणि ती बोकडाच्या वासाची गाडीही सोडायची नव्हती. मी त्या रात्री जेवताना जाहीर केलं, "मी जिंकणार." पप्पा भाकरी मोडत राहिले. आईने विचारलं, "किती सेकंदांत?" तो आकडा मी अजून काढलाच नव्हता. "मग आधी ते बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमचा क्रम ठरला. दूध पोचवून मी थेट घाटावर यायचो. शाळेची मधली सुट्टी झाली की आई छत्री घेऊन पाराच्या दगडापाशी येऊन उभी राहायची. हात वर करून पांढरा रुमाल धरायची, रुमाल खाली आला की मी सुटायचो. पहिली वेळ आली एकोणीस पॉइंट चार. संपत आधीच सतरात येतो, असं हॉटेलात बोललं जात होतं. मी दुसऱ्या फेरीत जीव तोडून गाडी ताणली, तरी एकोणीस पॉइंट तीन. आईने शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर दोन्ही आकडे लिहिले आणि घंटा व्हायच्या आत निघून गेली. "चांगलं चालवलंस" असं एक वाक्य तिला सुचलं नाही.

मग मी पप्पांच्या मागे लागलो. संपतच्या गाडीतून काळ्या धुराचे लोट निघायचे आणि सगळे म्हणायचे, काय ताकद आहे बघ! त्याने पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं होतं. मीही तेच करा म्हणून हट्ट धरला. पप्पांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "डिझेल जळलं पायजे, उडालं न्हाई पायजे. धूर म्हंजी न खाल्लेलं अन्न. गाडी तापंल, येक दिवशी इंजिनाचं हेड सोडंल, मंग जागची हलायची न्हाई." मी ऐकलं नाही. ते कामावर गेल्यावर मीच स्क्रू पिळला. घाट काळा झाला, आईच्या छत्रीवर काजळी बसली, आणि वेळ आली एकोणीस पॉइंट एक. एवढ्या काळ्या ढगाचे दोनच दशांश! मी मुकाट्याने स्क्रू पुन्हा होता तिथे आणला. त्या रविवारी चर्चहून आल्यावर पप्पांनी कपडे न बदलता चारही नोजल काढले, एकेक करून फवारा बघितला, दोन बदलले, पंपाचं टायमिंग केसभर पुढे घेतलं, हवेच्या फिल्टरमधला चिखल झालेला तेलाचा गाळ काढला. आई स्वयंपाकघरातून मटण निवतंय म्हणून ओरडत होती. सोमवारी वेळ आली अठरा पॉइंट दोन. धूर जवळजवळ नाहीच.

गिअर कधी बदलायचा हे मात्र कोणी शिकवू शकत नव्हतं. मी इंजिन किंचाळेपर्यंत थांबायचो. आई म्हणाली, "मुलं शंभर मीटर धावताना शेवटी दात-ओठ खातात ना, तेव्हाच ती हळू होतात. तू गाडीला दात-ओठ खायला लावतोस." मी गिअर लवकर टाकून बघितला. सतरा पॉइंट नऊ. खेळाच्या बाईला डिझेल इंजिन कळावं, याचं मला त्या वेळी हसू आलं होतं. आता आश्चर्य वाटतं.

तिथून वेळ हलेना. मग वजन कमी करायला घेतलं, कारण संपतने तेच केलं होतं. मागची फळी काढली, स्टेपनी काढली, शेजारची सीट काढली, शेवटी वायपरसुद्धा काढले. गाडी हलकी फुलासारखी झाली आणि वेळ आली अठरा पॉइंट तीन. मला रडू यायचं बाकी राहिलं. पुन्हा पळवली, तेच. मुरमावर मागची चाकं जागच्या जागी फिरत होती आणि मागचा भाग नुसता उड्या मारत होता, पण हे मला आतून दिसत नव्हतं. यात्रा दहा दिवसांवर आली होती. त्या आठवड्यात एका दुपारी केंद्रावर पाणी नव्हतं, म्हणून कॅन धुवायला मी विहिरीवरून चार कॅन पाणी भरून घेतलं होतं. घाटावर पोचलो तेव्हा सुट्टी संपत आली होती, आई घड्याळ घेऊन उभी, कॅन उतरवायला वेळ नाही. म्हटलं, एक फेरी फुकट गेली तर गेली. रुमाल पडला, मी क्लच सोडला, आणि गाडीने अशी काही पकड घेतली की माझी मान मागे गेली. वर पोचलो तर आईने घड्याळ छत्रीच्या सावलीत धरून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "परत."

पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर आलो. "परत." शाळेची घंटा वाजली. माझ्या आठवणीत आई पहिल्यांदाच वर्गावर उशिरा जाणार होती. तिसऱ्या फेरीनंतर तिने हजेरीपट माझ्यापुढे धरला. सोळा पॉइंट नऊ, सोळा पॉइंट आठ, सोळा पॉइंट नऊ. "एकदा आलेली वेळ मी धरत नाही," ती म्हणाली, "पण ही तुझी आहे." आणि पदराने माझ्या कपाळावरची धूळ पुसली. तिच्याकडून एवढं मिळालं की आमच्या घरात सण असायचा. पुढचे सगळे दिवस आम्ही कॅन इंच-इंच पुढे-मागे सरकवले. बरोब्बर मागच्या चाकांच्या वर आले आणि दोरीने आवळून बांधले तेव्हा वेळ आली सोळा पॉइंट पाच. वायपर मी परत बसवले.

यात्रेच्या दिवशी बैलांच्या बाऱ्या संपायला ऊन कलतीला लागलं. भेळ, गुडीशेव, हलगी, कर्णा, आणि सगळ्यावर गुलाल. आधी संपत सुटला. काळा लोट मागे ठेवत वर गेला आणि कर्ण्यावरून आकडा आला, सतरा पॉइंट एक. त्याच्या आळीने टोप्या उडवल्या. मग मी बाभळीपाशी गाडी लावली तर लोक हसायला लागले. संपतची गाडी मोकळी पळाली आणि माझ्या गाडीत पाण्याने भरलेले चार कॅन. "दान्या, डेअरी बंद झाली रं, कुठं दूध घालाया निगालास?" कोणीतरी ओरडलं. मला हसू येत होतं. मला माझा आकडा माहीत होता. वर पाराच्या दगडापाशी आईची निळी साडी दिसत होती.

निशाण धरायला भिवानाना होते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनीच बैलांना निशाण दिलेलं. निशाण पाडायच्या आधी ते एक मोठी आरोळी ठोकायचे, "हुर्रर्र!" ती आरोळी बैलांसाठी नव्हे, बैल धरून उभ्या राहिलेल्या माणसांसाठी, आता सोडायचंय, सावध व्हा, एवढाच तिचा अर्थ. मग दम घेऊन निशाण खाली. पण आम्ही गावची पोरं लहानपणी काठीचे बैल करून खेळायचो तेव्हा त्या आरोळीलाच पळायचो. महिनाभर मी आईच्या मुक्या रुमालावर सराव केला होता. आरोळीचा सराव करावा हे ना मला सुचलं ना तिला. नाना "हुर्रर्र" म्हणाले आणि माझा पाय आपोआप क्लचवरून उचलला गेला. गाडी हात-दोन हात पुढे गेली, तेवढ्यात निशाण पडलं. मला कळलं होतं. पण मी थांबलो नाही. सगळी ताकद लावून मी ती पट्टी खाल्ली आणि पाराचा दगड मागे टाकला. इतकी स्वच्छ फेरी मी आयुष्यात कधी मारली नाही. लोक गाडीवर चढले, कोणीतरी माझ्या तोंडात गुलाल कोंबला. खालून भिवानाना हात हलवून सांगत होते, ठीक हाय, ठीक हाय.

कर्णा खरखरला आणि आईचा आवाज आला. एकच शब्द. "बाद."

हलगी थांबली. तात्या म्हणाले, "बाई, नाना तर म्हंत्यात ठीक हाय." आई म्हणाली, "नाना पुढे बघत होते. मी निशाण बघत होते. निशाण वर होतं आणि चाक फिरलं." मग गर्दीतून संपत पुढे आला. त्याचं तोंड काजळीने काळं झालं होतं. तो म्हणाला, "बाई, ऱ्हाऊ द्या. आरोळीनं चुकलं त्याचं. परत सोडू, माजी काय हरकत न्हाई." मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी! ती शांतपणे म्हणाली, "बैल आधी सुटले तर आपण परत सोडतो का, संपत?" संपतने मान खाली घातली. रूट त्याला गेला.

मी आठवडाभर आईशी बोललो नाही. ताट पुढे आलं की जेवायचं, उठायचं. पप्पा एकदा ओट्यावर माझ्याशेजारी बसले आणि इतकंच म्हणाले, "तुला कळलं हुतं का न्हाई, चाक फिरलं ते?" मी उठून पिकअपच्या फळ्या धुवायला घेतल्या. मला राग आईचा नव्हता, हे मला कळायला फार वर्षं लागली. पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत मी हॉटेलात बसलो होतो, तर कोणीतरी म्हणालं, बाई घाटावर एकट्याच उन्हात उभ्या आहेत. मी गेलो. ती दगडापाशी होती, छत्री, घड्याळ, हजेरीपट. गाडी घेऊन ये म्हणाली नाही. मीच गेलो, विहिरीवरून चार कॅन भरले, बाभळीपाशी गाडी लावली. तिने हात वर केला, आणि रुमाल पाडायच्या आधी त्या छोट्याशा बाईने अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "हुर्रर्र!" माझा पाय हलला नाही. रुमाल पडला. वर पोचलो तेव्हा ती डोळे पुसत होती आणि उन्हाने पाणी येतंय म्हणत होती. हजेरीपटावर लिहिलं होतं, सोळा पॉइंट पाच.

मी मामाला दोन महिने थांबायला सांगितलं. पावसाळा लागायच्या आत संपतच्या गाडीने, पप्पा म्हणाले होते तसं, हेड सोडलं, आणि पहाटेच्या पहाटे सगळ्या वाड्यांचं दूध रस्त्यावर अडकलं. संपतच मला बोलवायला आला. ते दूध मी पोचवलं, आणि पप्पांनी आठ दिवस खपून त्याचं इंजिन बांधून दिलं. तात्या आमच्याकडे आले ते माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांनी आईला विचारलं, "बाई, पोराची खरी वेळ काय?" "यात्रेतली नाही," आई म्हणाली, "सोमवारची आहे. सोळा पॉइंट पाच." तात्यांनी गुडघ्यावर थाप मारली. निम्म्या वाड्या संपतला, निम्म्या मला, जसं होतं तसं झालं, आणि पुढे वीस वर्षं तसंच चाललं. खर्च संस्थेला झेपला.

आई आता नव्वदीला टेकलीय. पप्पा गेल्याचं तिला कधी कधी आठवत नाही, नातवंडांची नावं उलटसुलट होतात. घड्याळ तिच्या उशाशी असतं. एक गोष्ट मी तिला इतकी वर्षं विचारत आलोय. यात्रेच्या त्या फेरीला तिने घड्याळ दाबलं होतं का? दाबलं होतं, हे ती कबूल करते. मग किती आली होती वेळ? यावर ती कधीच बोलली नाही. परवा दुपारी तिला पेज भरवत होतो. सकाळपासून ती मला तिचा धाकटा भाऊ समजत होती. मला वाटलं, आज निसटेल तिच्या तोंडून. मी गावातल्या परक्या माणसासारखं हळूच विचारलं, "बाई, यात्रेला त्या दूधवाल्या पोराच्या गाडीची वेळ किती आली होती हो?" तिने चमचा बाजूला सारला. उजवा अंगठा किंचित हलला. बराच वेळ तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला नक्की ओळखून म्हणाली, "बाद झालेल्याची वेळ सांगत नसतात, दानियल."